तिसऱ्या खिडकीखालची रेघ

कवळीवाल्यांनी एकतीस वर्षं माणसांना दात दिले आणि त्यांतल्या एकाही माणसाचं तोंड पाहिलं नाही. तोंड पाहायचे डॉक्टर. कवळीवाल्यांकडे मागच्या खोलीत यायचा तो नुसता ठसा, कुणाच्या तरी हिरड्यांचा, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर एक नंबर. त्या ठशात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्या कोरायच्या, एकेक दात बसवायचा, आणि तयार कवळी घासूनपुसून डबीत घालून पुढे पाठवायची. पुढच्या खोलीत डॉक्टर ती तोंडात बसवायचे, पेशंट आरशात बघून रडायचा आणि डॉक्टरांचे हात हातात घ्यायचा. भिंतीपलीकडून हे सगळं ऐकू यायचं. कवळीवाले तोवर पुढच्या नंबराचं प्लास्टर कालवायला घेत.

या कामात केसाएवढीही चूक चालत नाही. डोळ्याला न दिसणारा उंचवटा जिभेला बरोबर सापडतो, आणि मग ती दिवसभर तिथेच चाचपत बसते. त्यामुळे कवळीवाल्यांच्या डोळ्यांना वाकडं म्हणून काही सोसायचंच नाही. दुसऱ्यांच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर नीट केल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. बायको डोळे वटारायची. एकदा भेटायला गेले ते आजाऱ्याला, आणि परत येईपर्यंत बोलले काय, तर त्याच्या पलंगाचा एक पाय आखूड आहे!

अशा माणसाचा कुणाला अभिमान वाटावा की नाही? त्यांच्या मुलाला वाटत नव्हता. शाळेत पोरांनी त्याचं नाव ‘कवळ्या’ ठेवलं होतं, ते त्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून चिरंजीव सांगायला लागले की आमचे वडील मेडिकल लाइनला आहेत. मेडिकल लाइन! शाळेत तेच, कॉलेजात तेच, आणि लग्न ठरताना मुलीकडच्यांनाही तेच. व्याह्यांनी मोठ्या आदराने विचारलं, ‘आपण मेडिकल लाइनला ना?’ कवळीवाले ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोराचं लग्न मोडायचं का?

पण मनात एक गोष्ट राहून गेली, आणि ती इतकी साधी होती की बोलून दाखवायची लाज वाटावी. पोराने एकदा, फक्त एकदा, चार लोकांत म्हणावं, ‘हे माझ्या वडिलांनी केलंय.’ बस्स. बायकोला हे माहीत होतं. ती म्हणायची, ‘त्याला काय तुमची कवळी बसवायचीय, की तो असं म्हणेल? बत्तीसच्या बत्तीस धड आहेत मेल्याचे.’

मग दात करणारी यंत्रं आली. ठसा नको, मेण नको, कवळीवाले तर नकोतच. डॉक्टरांनी गोड बोलून त्यांना घरी पाठवलं. हत्यारं तेवढी त्यांनी बरोबर आणली: कोरण्या, चिमटे, डोक्याला बांधायचं भिंग, पॉलिशची लहान मोटर. घराच्या मागच्या गॅलरीत टेबल टाकून बसले. कुणाच्या चष्म्याची दांडी, कुणाच्या पोरीच्या बाहुलीचा हात, असलं काहीबाही जोडत बसायचे. तेही असं जोडायचे की जोड कुठे आहे ते ज्याची वस्तू त्यालाच सापडू नये.

चिरंजीव बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांना वेड होतं लहान गाड्यांचं. खेळण्यातल्या नव्हेत, हं. खऱ्या आगगाड्या, बसगाड्या, बोटी यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती. त्यांच्या वेगळ्या बिऱ्हाडातल्या दिवाणखान्यात काचेचं कपाट, आत दिवे, आणि एकाही गाडीला हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही. अशा वेड्यांचं गावात एक मंडळही होतं. त्यात नुसते पैसे भरून शिरता येत नाही. एखादी दुर्मिळ वस्तू आपल्याकडे असावी लागते, मंडळाचे अध्यक्ष स्वतः घरी येऊन ती पाहतात, आणि अस्सल आहे, मोडतोड नाही, दुरुस्ती नाही, अशी खात्री पटली तरच नाव नोंदतात.

चिरंजीवांनी त्यासाठी सात समुद्रांपलीकडून एक ट्राम मागवली. हातभर लांबीची, लाकडाची आणि पितळेची, दुमजली. कुठल्या तरी दोन भावांनी आपल्या लहानशा कारखान्यात हाताने केलेल्या चाळीस गाड्यांपैकी एक. ट्राम आली ती खोक्यात खुळखुळत. वाटेत कुणी तरी खोकं आपटलं होतं किंवा त्यावर बसून जेवलं होतं, देव जाणे. छप्पर दुभंगलेलं, जिना निखळलेला, आस वाकलेला, डाव्या अंगाची फळी मधोमध फुटून तिच्या ढलप्या उडालेल्या. कुरिअरवाल्यांनी फोटो मागवले, फॉर्म भरून घेतले आणि शेवटी हात वर केले. दोन दुरुस्तीवाल्यांनी नुसतं बघून खोकं परत केलं.

तेव्हा कुठे चिरंजीवांना बाप आठवला.

‘बाबा, बघता का जरा?’ खोकं गॅलरीतल्या टेबलावर ठेवत तो म्हणाला. आवाज असा, की कवळीवाल्यांना तो सात वर्षांचा असतानाचा आठवला. ‘तुमच्याशिवाय दुसरं कुणी करू शकेल असं वाटत नाही.’

हे वाक्य कवळीवाल्यांनी आठवडाभर तोंडात घोळवलं. पांढरी चादर अंथरून त्यांनी खोक्यातला भुसा स्वयंपाकघरातल्या चाळणीने चाळला. ‘माझी पिठाची चाळणी आहे ती!’ बायको ओरडली. त्याच चाळणीत त्यांना ट्रामची घंटा सापडली, मोहरीएवढी, तेव्हा तीही वाकून बघायला लागली. फुटलेल्या फळीचे एकोणीस तुकडे निघाले. ते त्यांनी मेणावर मांडले, तुटलेल्या दाताची जागा शोधावी तसे एकेक जुळवले आणि चिकटवले. आस मेणबत्तीवर हलके तापवून सरळ केला. जिन्याच्या दोन पायऱ्या नव्या कोरल्या. जुन्या रंगाशी नवा रंग जुळवणं तर त्यांच्या डाव्या हातचा मळ. चहा पिणाऱ्याचे दात वेगळे, सिगरेट ओढणाऱ्याचे वेगळे, ते ओळखून रंग लावण्यात त्यांची हयात गेली होती.

फळीवर एक पिवळी रेघ होती. खिडक्यांच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, दोऱ्याएवढी. तिसऱ्या खिडकीखाली ती किंचित खाली झुकली होती, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. कवळीवाल्यांनी भिंगातून ती पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढं सुंदर काम आणि इथे माणसाचा हात हलला! बिचाऱ्याच्या लक्षात आलं नसेल. फुटलेल्या भागावर रंग नव्याने लावायचाच होता. त्यांनी रेघ सरळ केली. मनोमन त्या अनोळखी कारागिराला म्हणालेही असतील, घे, निस्तरलं तुझं.

दीड महिन्याने चिरंजीव आले. ट्राम चादरीवर उभी होती. घंटेला बोट लावलं तर वाजत होती. तो खाली बसला, छप्पर पाहिलं, जिना पाहिला, चाकं फिरवली. त्याचे डोळे भरून आले, हे खोटं नाही. मग त्याने गाडी डाव्या अंगाला वळवली आणि त्याचा चेहरा उतरला.

‘बाबा, ही रेघ?’

‘वाकडी होती. सरळ केली.’ कवळीवाले खुशीत होते.

‘कुणी सांगितलं होतं तुम्हाला?’

‘अरे, सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की.’

‘तीच तर खूण होती!’ तो ओरडलाच. ‘चाळीसच्या चाळीस गाड्यांवर तिसऱ्या खिडकीखाली रेघ वाकडी आहे. मागून नकला निघाल्या, त्यांच्यावर ती सरळ आहे. अध्यक्ष आल्याआल्या तेच बघतात. तुम्ही अस्सल गाडीची नक्कल करून ठेवलीत, बाबा!’

कवळीवाल्यांनी भिंग डोक्यावरून काढलं, पुसलं आणि परत बांधलं. आत बायको भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.

‘तुमचं हे असंच,’ चिरंजीव म्हणाले. ‘सगळं आपलं सरळ करत सुटायचं. दुसऱ्याला काय हवंय ते विचारायचं नाही.’

खरं सांगायचं तर त्याचंही पूर्ण चुकलं नव्हतं. पण दीड महिना मान मोडून बसलेल्या माणसाला हे ऐकवताना त्याने आवाज तरी खाली ठेवायचा होता. शेजारच्या गॅलरीतून दोन डोकी बाहेर आली होती.

‘परत वाकडी करून द्या,’ तो शेवटी म्हणाला. ‘होती तश्शी. अध्यक्ष यायला एकवीस दिवस आहेत.’

बोलायला सोपं! विक्रीच्या वेळचा फोटो मोठा छापून त्यांनी समोर टांगला आणि डब्याच्या झाकणांवर सराव सुरू केला. रेघ काही वाकडी होईना. हात थरथरवला तर नागमोडी व्हायची, मुद्दाम खाली ओढली तर मुद्दाम ओढलेली दिसायची. झाकणं संपली. बायको चहा घेऊन आली, झाकणांची रांग बघून म्हणाली, ‘जन्मभर सरळ वागून काय मिळवलंत? आता तरी शिका थोडं वाकडं.’ एरवी ते हसले असते.

पंधराव्या दिवशी फोटो निरखताना त्यांच्या ध्यानात आलं की तो हात मुळी हललाच नव्हता. त्या माणसाचा ब्रश लहान होता. एका दमात रेघ पुरी व्हायचीच नाही. तिसऱ्या खिडकीपर्यंत येईतो रंग संपायचा, मग तो गाडी उलटी फिरवून दुसऱ्या टोकाकडून यायचा, आणि दोन्ही रेघा जिथे भेटत तिथे उरलेला रंग किंचित खाली ओघळायचा. चाळीस वेळा तेच. त्याला ते दिसत नसणार असं थोडंच आहे? मोठा ब्रश कुणी आणून दिला नसेल. कदाचित दोघांपैकी एक भाऊ नुसताच गल्ल्यावर बसत असेल. कवळीवाल्यांना त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल एकदम माया दाटून आली. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना इतकं जवळचं कुणी वाटलं नव्हतं, घरातलंसुद्धा.

त्यांनी आपल्या ब्रशाचे केस निम्मे कापले, रंग बेताने घेतला, तिसऱ्या खिडकीपाशी थांबले, गाडी फिरवली आणि पलीकडून आले. रेघ झुकली. पोस्टकार्डाएवढी. वर जुनाट पिवळेपणा आणायला व्हार्निशचे दोन हात दिले.

‘वास जायला अजून आठ दिवस ठेवावी लागेल,’ त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं.

‘वेळ नाही, बाबा. परवा रविवारी सकाळी अध्यक्ष येतायत. तुम्हीच घेऊन या, आईलाही आणा. काही निसटलंबिसटलं तर तुम्ही जवळ असलेले बरे.’ मग जरा थांबून तो म्हणाला, ‘आणि बाबा, तुम्ही नसतात तर मी मेलोच होतो.’

झालं. कवळीवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. दाढी दोनदा केली. बायको म्हणाली, ‘तुम्हाला कशाला बोलावलंय ते ऐकलंत ना? निसटलं तर.’ ते म्हणाले, ‘अगं, ते आपलं बोलायचं म्हणून.’ वाटेत मांडीवर खोकं धरून ते स्वतःशीच ठरवत होते, की आज मुलाने चार लोकांत नाव घेतलं तर फार खूश झाल्यासारखं दाखवायचं नाही. नुसती मान डोलवायची. दुरुस्ती झालेली गाडी मंडळाला चालत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. पण माणूस आशेला लागला की त्याला माहीत असलेलंही माहीत नसतं.

मुलाच्या दिवाणखान्यात अध्यक्ष आणि मंडळाचे आणखी दोघे बसले होते. ‘हे माझे वडील,’ एवढी ओळख झाली. कवळीवाले कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकले, बायको आत सुनेच्या मदतीला गेली. अध्यक्ष वयाने कवळीवाल्यांएवढेच. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि ट्राम सरळ डाव्या अंगाला वळवली. चिरंजीवांनी श्वास रोखला. कवळीवाल्यांनीही.

‘वा,’ अध्यक्ष म्हणाले. ‘काय झोक आहे बघा! ही रेघ आजच्या कुणाला जमायची नाही. कितीही पैसे द्या.’

कवळीवाल्यांचे कान तापले. ते खुर्चीच्या कडेला सरकून बसले. आता, त्यांना वाटलं. आता तो बोलेल.

‘प्रवासात काही झालं नाही ना?’ अध्यक्षांनी विचारलं. ‘फार आपटतात हो हे लोक.’

‘छे, छे,’ चिरंजीव म्हणाले. ‘जशी आली तशी तुमच्यासमोर आहे. कुणाचा हात लागलेला नाही.’

कुणाचा हात लागलेला नाही. कवळीवाले खाली बघायला लागले. पायाखालच्या फरशीत एक तिरकी भेग होती, तिच्याकडे.

तेवढ्यात अध्यक्षांनी ट्राम नाकाजवळ नेली. ‘वास कसला येतोय? व्हार्निशसारखा?’

चिरंजीवांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ‘अं’ केलं, ‘नाही म्हणजे’ केलं, कपाटाकडे पाहिलं, आणि मग पाहिलं बापाकडे. मघाशी ओळख करून देताना नीटसं पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. ती नजर ओळखायला कवळीवाल्यांना भिंग लागलं नाही. पोर पडलं की असंच बघायचं.

‘माझ्या हातांचा वास आहे तो,’ कवळीवाले म्हणाले. ‘घरी खिडक्या रंगवतोय. सकाळीच एक हात मारून आलो. मघाशी ते खोकं मीच उचललं ना, लागला असेल.’

‘अरे वा, या वयातही!’ अध्यक्ष सौजन्याने हसले आणि ट्राम खाली ठेवून रुमालाने बोटं पुसली. मग परत हसले.

‘बाबा, तुम्ही आत बसता का जरा?’ चिरंजीव म्हणाले. ‘आत पंखा आहे.’

पंखा बाहेरही होता. कवळीवाले उठले.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातात कपबशी तशीच राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. सून दुसरीकडे बघत बिस्किटं मांडत होती. बाहेर नाव नोंदल्याचं ऐकू आलं, टाळ्या झाल्या, पाऊण तासाने पाहुणे दाराशी गेले. जाताना अध्यक्षांनी यजमानाला बाजूला घेतलेलं, काही हळू बोललेलंही दाराच्या फटीतून दिसलं.

मग चिरंजीव आत आले ते उड्या मारतच. त्यांनी बापाचे दोन्ही खांदे धरले.

‘बाबा, तोड नाही तुम्हाला! काय पटकन सुचलं ते खिडक्यांचं! मला तर जन्मात सुचलं नसतं. खरंच, मानलं!’

चाळीस वर्षांत मुलाच्या तोंडून बापाचं असं कौतुक झालं नव्हतं. कोरण्यांचं नाही, एकोणीस तुकड्यांचं नाही, त्या रेघेचंही नाही. थापेचं.

‘आणि ऐका तर,’ तो पुढे म्हणाला, ‘अध्यक्षांचं स्वतःचं एक इंजिन आलंय, तेही वाटेत मोडलेलं. कुणाला कळू न देता करून हवंय. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे.’

‘कोण रे?’ आईने विचारलं.

‘कोण म्हणजे काय, आई! बाबाच की!’ तो हसत होता. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण आनंदाची बातमी आणली आहे. ‘नाव नाही सांगितलं अर्थात. नुसतं म्हटलं, एक माणूस आहे, फार वर्षं ओळखतो मी त्याला.’

कवळीवाल्यांनी त्याचे हात खांद्यांवरून काढले, हळू, कुणाला लागू नये असे. बायकोच्या हातून कपबशी घेऊन ओट्यावर ठेवली.

‘त्यांना कळव,’ ते म्हणाले, ‘तो माणूस वारला म्हणून.’

चिरंजीव हसत राहिले, मग त्यांचं हसू थांबलं. आई पदर खोचून पिशवी घ्यायला उठली होती आणि कवळीवाले दाराशी वाकून चपला शोधत होते.